गटारीआधीची स्थळं

नंदकिशोरनं अंडं घातलं तेव्हा वनमालाबाईंनी ते दोनदा हातात फिरवून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "यात माझी काही चूक नाही." दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशनंही घातलं.

मुलुंडच्या त्यांच्या बैठ्या चाळीतली निम्मी लग्नं बाईंच्या शब्दावर जुळली होती. मुलगी हळू बोलते ना, मग डोळे झाकून हो म्हणा, हा त्यांचा ठोकताळा. बाजारातून हौसेनं आणलेल्या बदकाच्या पाच पिल्लांनाही त्यांनी तोच लावला. घोगऱ्या, हळू आवाजाच्या तिघी शुभा, क्षमा आणि प्रेमा झाल्या. पहाटेपासून बोंबलणारे दोघे नंदकिशोर आणि चंद्रप्रकाश. बदकांत बायकांचा आवाज मोठा आणि पुरुषांचा घसा बसलेला, हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. शुभा-क्षमा-प्रेमाच्या शेपटीवर पिसाची वळलेली बट आली, तिला बाई नखरा समजल्या.

तर आता तीन नर आणि दोन माद्या. नर दिवसभर माद्यांच्या पाठीवर. नंदकिशोरच्या मानेवरची पिसं उपटली जाऊन कातडी लाल झाली, आणि ती पाण्याच्या घंगाळाकडे यायलाही घाबरू लागली. आयुष्य गिरणीत घालवलेले सीताराम, बाईंचे यजमान, एवढंच म्हणाले, "तिघांका खंयतरी दी. नायतर ती मरतली."

देणं कठीण नव्हतं. गटारी अमावस्या आठ दिवसांवर आलेली, आणि श्रावण लागण्याआधी चापून घेऊ पाहणाऱ्या मंडळींना एकाएकी पाखरांचं प्रेम आलेलं. बाईंनी प्रत्येकाला स्थळासारखं बसवून चहा दिला. मागच्या गल्लीतला दशरथ, नातवाला बदकं फार आवडतात म्हणत, क्षमाची छाती दाबून बघत होता. घाटकोपरचे अनंतराव म्हणाले, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण चहा संपेपर्यंत बाईंनी काढून घेतलं की बदकं साहेबांना भेट द्यायची आहेत, आणि साहेबांना सगळं चालतं. सगळ्यांना बाईंचं उत्तर एकच: नागपंचमी झाली की न्या. ते ऐकलं की एकेकाचं प्रेम ओसरायचं.

मग मालाडहून धाकू आला. त्याची फुलझाडांची नर्सरी होती, पावसात गोगलगायी माजल्या होत्या आणि कोवळ्या रोपांची पार वाट लागली होती; त्या वेचून खायला त्याला बदकं हवी होती. बाईंनी त्यालाही नागपंचमीच सांगितली.

"मावशी, तोवर रोपं उरणार नाहीत. गोगलगायी आत्ता आहेत ना."

"बदक खातोस?"

"खातो," धाकू म्हणाला. "कामाला ठेवलेलं नाही खात."

बाईंनी त्याची नजर पाहिली. ती छातीवर नव्हती, पायांवर होती. वाफ्यातल्या चिखलात हे चालतील का, एवढंच तो बघत होता. आपल्याच अटीप्रमाणे त्याला नाही म्हणायला हवं होतं. पण पत्र्याआड नंदकिशोर मान लपवून बसली होती, आणि तिला नागपंचमीपर्यंत थांबवणं बाईंच्या हातात नव्हतं. त्यांनी तिघांना टोपलीत घालून वर फडका बांधला. म्हणाल्या, "मी न सांगता येईन हं."

गेल्या, त्या बरोबर गटारीच्या दुपारी. धाकूच्या घरातून खमंग वास रस्त्यापर्यंत येत होता. त्याची बायको काही विचारायच्या आत बाईंनी चुलीवरच्या टोपात पळी घातली, तळापासून ढवळलं, दोन हाडं वर आणून नीट निरखली.

कोंबडी.

मग त्या मागे गेल्या. जास्वंदीच्या वाफ्यात शुभा, क्षमा आणि प्रेमा ओळीनं चिखलात चोची खुपसत होते. पोटं तट्ट, आणि बाईंकडे मान वर करून बघायलाही फुरसत नाही. दिल्या घरी रमलेल्यांची हीच खूण, असं त्यांनी धाकूच्या बायकोला समजावलं आणि जेवायला बसल्या. रस्सा दोनदा घेतला.

संध्याकाळी घरी आल्या तर नंदकिशोर घंगाळात उतरलेली, मानेवर नव्या पिसांची खुंटं, आणि सगळी चाळ कान झाकून घेईल इतक्या जोरात बोंबलत होती.

"ऐकलंत?" वनमालाबाई सीतारामना म्हणाल्या. "पोर किती सालस आहे."