घळीपर्यंतचा आवाज

मेरापी या धुमसत्या डोंगराला आम्ही आजोबा म्हणतो. आजोबा फुटले असं बोलायचं नाही. आजोबांकडे कार्य निघालं म्हणायचं. आमच्या वाडीत वयंसुद्धा या कार्यांवरून मोजतात. मागच्या मोठ्या कार्यात सारिनेमचा नवरा तुगिमान घळीत गवत कापताना गेला, तेव्हा त्यांची मुलगी रांगत होती.

धोका दिसला की फणसाच्या पोकळ खोडावर टोले हाणायचे, हे काम तेव्हा वाडीप्रमुख सुकारजोचं. तो म्हणाला, हात दुखेपर्यंत हाणले, पण घळीत आवाज पोचतच नाही. पळापळीत कोणी काय ऐकलं, याची शपथ कोण घेणार? आम्ही माना डोलावल्या. प्रमुखाशी वाकड्यात शिरणं कोणाला परवडतं? सारिनेम भांडली नाही. तिने टोल्यांचं काम तेवढं मागून घेतलं.

निरीक्षण चौकीतली यंत्रं डोंगराचा प्रत्येक हादरा शिट्टी करून रेडिओवर सोडतात. आमच्या चुलींपाशी ती दिवसभर कुरकुरते. आम्हाला तो डास वाटतो. सारिनेम तांदूळ धुता धुता सांगायची, हा दगड घसरला, हा हादरा मात्र आतून आला.

यंदा एका सकाळी शिट्टी चढली ती उतरेना. सुकारजो तिच्याच दारावरून पंप घेऊन घळीत वाळू काढायला गेला होता. मला वाटलं, आता ही काठी जरा सावकाश शोधेल. छे! खोडावर तुटून पडली.

घळ राखेने भरली. माणूस एकही गेला नाही. निवाऱ्यात चहा फिरत असताना सुकारजो उठला. भाषणाची जुनी खोड. आमच्यात ताईला म्बाक म्हणतात, दादाला कांग.

"म्बाक सारिनेम, तुमचे उपकार. घळीच्या तळाशी होतो, पण टोला न् टोला ऐकू आला."

"पंप चालू असताना, कांग?" सारिनेमने विचारलं.

"पंप चालू असताना! काठी माझ्या टाळक्यातच बसत होती जणू."

लोक हसले. ती हसली नाही.

"माझ्या माणसाजवळ पंप नव्हता. नुसता विळा होता."

चहाचं तबक सुकारजोपाशी आलं. त्याच्या बायकोनेच ते त्याला न देता पुढे सरकवलं.

परतल्यावर सारिनेमने वाडीकडे एकच मागितलं: ते खोड सुकारजोच्या ओसरीवर टांगा. या वेळीही आम्ही माना डोलावल्या. रोज सकाळी ती तिथे जाते, लाकूड दमट झालं नाही ना बघायचं म्हणून एक टोला हाणते आणि सुकारजो दारात येईपर्यंत थांबते.

"पोचला का आवाज, कांग?"

"पोचला, म्बाक."