बायडाबाईच्या शेजारची जागा

श्रीमंत त्रिभुवन स्वतःच्या कबरीच्या कठड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते, तेव्हा कमिटी आली. कमिटी म्हणजे चर्चच्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवाची समिती. पुढे अध्यक्ष दिवे सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यामागे वसईहून नुकतेच बदलून आलेले तरुण फादर आणि सगळ्यांत मागे हातात टेप घेतलेला फक्रुद्दीन गवंडी. टेप पाहून श्रीमंतरावांनी शेंगा खिशात घातल्या. माणूस टेप घेऊन आला की आपण बसल्या जागेवरून उठू नये, एवढं शहाणपण त्यांना साखर कारखान्यातल्या नोकरीनं दिलं होतं.

कबर अर्थातच रिकामी होती. बायको बायडाबाई गेली त्या वर्षी श्रीमंतरावांनी तिच्या शेजारची जागा तेव्हाच्या फादरांकडून तोंडी मागून घेतली आणि फक्रुद्दीनकडून कठडा, क्रूस, शहाबादी फरशीवर नाव असं सगळं करून घेतलं. नावाखाली जन्मतारीख आणि तिच्यापुढे आडवी रेघ. रेघेपुढची जागा फक्रुद्दीननं मोकळी सोडली होती आणि वर 'काई घाई न्हाई' असा दिलासाही दिला होता. एकदा दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, संगमनेरच्या पाहुण्यांनी चुकून या कबरीवर हार घातला, डोळे पुसले आणि वळून पाहिलं, तर मागे श्रीमंतराव उभे. ते पाहुणे पुन्हा सणाला आले नाहीत.

कमिटीची अडचण निमंत्रणपत्रिकेतून सुरू झाली होती. पत्रिकेत 'बिशपांच्या शुभहस्ते संस्थापक फादर क्रेमर यांच्या कबरीस पुष्पचक्र' असं छापून, वाटूनही झालं होतं. कबर कुठे आहे हे छापताना कुणी विचारलं नाही. चर्च आहे, संस्थापक आहे, कबरस्थान आहे, म्हणजे कबर असणारच. फादर क्रेमर यांना गावात करमरबाबा म्हणतात. जर्मनीतून आलेल्या या माणसानं दुष्काळानंतर इथे काळ्या दगडाचं चर्च उभं केलं. घंटा बोटीनं, मग रेल्वेनं आणि शेवटी बैलगाडीनं आणली. नदीत गाडी रुतली तेव्हा बैलांना जर्मन भाषेत शिव्या दिल्या आणि बैल निघाले, असंही सांगतात. इतकं सगळं आपल्यासाठी करणारा माणूस मरायला दुसरीकडे गेला असेल, अशी शंका कुणाला येणार?

मग शोध सुरू झाला. गवत कापलं, फरशा घासल्या. सापडली ती करमरबाबांच्या घोड्याची कबर. कमिटीतल्या एका गटाचं म्हणणं, घोडा तर घोडा, बाबांचाच होता ना. घोड्याला पुष्पचक्र वाहायला बिशपांना कसं सांगायचं, हे फादरांना सुचेना. म्हणून तो गट मागे पडला.

शेवटी सरांच्या मुलीला, अश्विनीला, फोन गेला. ती जर्मनीत नर्स आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी बदलत बदलत ती करमरबाबांच्या गावी पोचली आणि तिथून बातमी आली ती अशी: बाबा म्हातारपणी डोळ्यांच्या उपचाराला म्हणून घरी गेले आणि तिथेच वारले. कबरही तिथेच होती. होती म्हणजे, आता नाही. तिकडे कबरीची जागा ठरावीक वर्षांपुरती मिळते आणि पुढे घरच्यांनी मुदत वाढवून घेतली नाही तर ती दुसऱ्याला देतात. बाबांच्या जागी आता एक बेकरीवाला आहे. अश्विनीनं त्या बेकरीवाल्याच्या कबरीचा फोटो पाठवला. फारच सुंदर कबर होती. सरांना स्मरणिकेसाठी क्षणभर मोह झाला, पण त्यांनी तो आवरला.

हे सगळं सांगून सर श्रीमंतरावांना म्हणाले, की करमरबाबांना आता जगात कुठेच जागा उरलेली नाही. आपण निदान स्मारक करू. कबरस्थानाच्या चारी बाजूंनी ऊस आहे आणि आत पाय ठेवायला वाव नाही. तयार अशी एकच कबर आहे, आणि ती सध्या वापरात नाही.

“वापरात न्हाई म्हंजे?” श्रीमंतराव म्हणाले. “मी काय मुद्दाम उशीर करतोय व्हय?”

फादरांनी गडबडीनं कोपऱ्यातली, नळाजवळची एक जागा देऊ केली. जरा अरुंद होती, पण सावली होती.

“नळ काय करायचाय फादर तिथं गेल्यावर?”

“श्रीमंतराव, प्रश्न गावाच्या इज्जतीचा आहे,” सर म्हणाले.

श्रीमंतराव कठड्यावरून उठले नाहीत. खाली बघत बोलले, “सर, मी कारखान्याच्या गेटवर रातपाळीला. ही सिस्टरांच्या हॉस्टेलात सैपाकाला. मी सकाळी घरी यायचो तवा ही पोरींच्या न्याहारीला गेलेली. खाट एकच, पन दोघं एका वक्ताला रातभर कधी झोपलो न्हाई. मी रिटायर झालो त्याच साली ती गेली. म्हनून म्हनलं, शेवटाला तरी.”

फक्रुद्दीननं टेप गुंडाळून खिशात टाकली. सरांनी चष्मा पुसला. कमिटी आली तशी परत गेली आणि बैठकीत घोड्याच्या गटानं पुन्हा डोकं वर काढलं.

दोन दिवस श्रीमंतराव घरातून हलले नाहीत. सून निकिता विचारायची, जेवन का जाईना. ते म्हणायचे, जातंय की. तिसऱ्या दिवशी ते आपण होऊन सरांच्या ओट्यावर जाऊन बसले.

“त्या बेकरीवाल्यानं बाबाला भायेर काढला, का वरच झोपला?”

“वरच असेल बहुतेक.”

“भांडनबिंडन काई?”

“ऐकिवात नाही.”

श्रीमंतरावांनी मान हलवली. म्हणाले, “चर्च बांधीस्तवर करमरबाबा आमच्या आज्याच्या खोपीत झोपायचा. खोप एवढीशी. आज्यानं न्हाई म्हनलं न्हाई. आता मी त्याला ऊठ म्हनू का?”

तिथून ते फादरांकडे गेले. घरच्याच माणसाची कबर पुन्हा उघडून त्यात दुसऱ्याला ठेवायची रीत आपल्याकडे आहे ना, एवढं त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं. आहे, फादर म्हणाले, पुरेशी वर्षं लोटली की चालतं.

“मग थांबतो,” श्रीमंतराव म्हणाले. फादरांनी तोंड भरून आभार मानले आणि मग, आपण नेमके कशाचे आभार मानले हे कळून, कानाची पाळी चोळत राहिले.

फक्रुद्दीननं श्रीमंतरावांच्या नावाची फरशी पहारीनं अलगद उचकटली आणि बायडाबाईच्या नावाखाली बसवायला घेतली. उजव्या अंगाला बसवू का डाव्या, असं त्यानं विचारलं.

“ती कंच्या कुशीवर झोपायची त्यावर हाय,” श्रीमंतराव म्हणाले. “मी कधी बघितलं न्हाई. सून म्हनती, उजव्या.”

“मग डावीकडं बसवतो, श्रीमंतदादा. तोंड तुमच्याकडं व्हईल.”

“पाठ व्हईल रं.”

दोघांनी हातवारे करून पाहिलं. फक्रुद्दीन उजव्या कुशीवर आडवाही होऊन दाखवणार होता, पण तेवढ्यात फादर आले. शेवटी फरशी उजवीकडे बसली.

उत्सव झोकात झाला. राहुरीहून बँड आला. नव्या ग्रॅनाइटवर करमरबाबांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. बिशपांनी पुष्पचक्र वाहिलं तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मूठभर जर्मन माती टाकायचं ठरलं होतं, ती कुरिअरमध्ये अडकली, म्हणून कालव्याकडची टाकली. दुपारपर्यंत कुणीतरी तिथे नवसाचा नारळ ठेवून गेलं. भाषणात सरांनी 'जागेचे दाते श्रीमंतराव त्रिभुवन' असं नाव पुकारलं, टाळ्या वाजल्या, पण मांडवात कुणी उभं राहिलं नाही.

श्रीमंतराव बायडाबाईपाशी होते. निकितानं तिच्या कबरीच्या मातीत मधोमध एक मेणबत्ती लावून ठेवली होती. त्यांनी वाऱ्याला हाताचा आडोसा केला, ती पेटती मेणबत्ती उपटली, थोडी डावीकडे रोवली आणि उजवीकडची माती तळहातानं सारखी केली.