अस्वलाची गोणी

माझा नवरा देर्विश गेल्यावर आळीने पाच-सहा महिने माझ्याकडे काही मागितलं नाही. उलट आणूनच देत राहिले. सोमवारी पालकाचा पिटा, म्हणजे सारण भरून भाजलेली पातळ पोळीची गुंडाळी, बुधवारी बटाट्याचा पिटा, शुक्रवारी पुन्हा पालकाचा. मी खात होते, कारण समोर येत होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मात्र शेजारची झुमरा रिकाम्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"रसेमा, यंदा कुठली घ्यायची?"

"काय कुठली?"

"गोणी गं! शुक्रवारी दुपारी ट्रकवाल्याला कळवायचंय. सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसलेत."

आमच्या आळीत बारा घरं, आणि बाराही घरांत पेलेटची शेगडी. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या, एवढंच ते पेलेट. पण त्यावरून इथे माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. ट्रक एकच येतो, म्हणून माल सगळ्यांनी एकाच छापाचा घ्यायचा असतो. तो कुठला, हे देर्विश ठरवायचा. जन्मभर वीज कंपनीत मीटर तपासत फिरलेला माणूस, मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दर ऑक्टोबरात तो तीन छापांची एकेक गोणी आणायचा, रोज एक जाळायचा, माझ्या पिठाच्या काट्यावर राख तोलायचा आणि वहीत लिहायचा. कंपन्यांची नावं कोणी घेत नाही, गोणीवरचं चित्र बघून बोलतात. अस्वल, हिरवी, लाल. सात वर्षं अस्वल जिंकत आलं होतं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणाले.

"शेगडी तुझ्याच घरात आहे ना? वही आहे ना? मग झालं तर." जाता जाता तिने माझ्या उघड्या दंडांकडे पाहिलं. "आणि अंगात काहीतरी घाल बाई. तुला बघून मला हुडहुडी भरते."

मला थंडी वाजत नव्हती. दातांच्या डॉक्टरने सुई टोचली की ओठ असतो आणि नसतोही, तसं माझं एप्रिलपासून सगळंच झालं होतं. दफनाच्या दिवशीही मी रडले नाही. बाई खंबीर आहे, असं लोक म्हणाले. खंबीर कसली डोंबलाची.

त्याच संध्याकाळी झियाद हातगाडीवर तीन गोण्या घेऊन आला. झियाद म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, देर्विशचा मित्र. वीस वर्षं दोघं रोज कशावरून तरी वाद घालत. "वहिनी, मी करतो हे सगळं. तुम्ही कशाला त्रास घेता?" तो म्हणाला.

"मी करीन," मी म्हणाले. का म्हणाले ते मलाच माहीत नाही.

मंगळवारी सकाळी मी शेगडीच्या टाकीचं झाकण उघडलं आणि अस्वलाची गोणी आत ओतली. आत बघितलं वगैरे नाही. त्या दिवसांत मी सगळंच तसं करत होते, न बघता. शिवाय टाकी भरणं हे माझं काम कधीच नव्हतं. आमची टाकी मोठी, दोन गोण्या सहज मावतात. बटण दाबलं. एप्रिलनंतर शेगडी पहिल्यांदा पेटली.

पेटली म्हणजे कशीबशी. ज्योत बुटकी, पिवळट, आळशी. दुपारपर्यंत काच काळी ठिक्कर पडली. रात्री वाटीतली राख तोलली तर एकशे नव्वद ग्रॅम. वहीत अस्वलापुढे कधी शंभराच्या वरचा आकडा नव्हता. देर्विशच्या अक्षराखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: "अस्वल. काच काळी. राख एकशे नव्वद. ऊब नाही. घेऊ नये." राख फाटकाजवळच्या पिंपात टाकली. बुधवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

बुधवारी ओल्या वर्तमानपत्राने काच पुसली आणि हिरवी ओतली. उंच ज्योत, काच स्वच्छ, राख पंच्याऐंशी. गुरुवारी लाल: बरी, राख एकशे वीस. गुरुवारी संध्याकाळी मी कुंपणावरून झुमराला सांगितलं, "हिरवी." अर्ध्या तासात बाराही घरांना कळलं.

शुक्रवारी सकाळी झियाद आला. कॉफी ओतेपर्यंतसुद्धा थांबला नाही.

"वहिनी, अस्वल नापास? मला नाही पटत."

"वहीत आहे."

"वहीला काय कळतंय? हिरवी म्हणजे देवदाराचा भुसा. अस्वल आहे बुकवाचं, कडक लाकडाचं. देर्विशने हिरवीला सात वर्षं उभं नाही केलं."

"मग ट्रकवाल्याला फोन कर आणि तुला काय हवं ते सांग. मला का छळतोस?"

त्याने वही वाचली, कॉफी पिऊन घेतली, मग उठून शेगडीपाशी गेला आणि टाकीचं झाकण उचललं.

"ही तर गोणीभर उरलीय."

"असेल."

"असेल काय, वहिनी? तीन गोण्या ओतल्यात, तीन दिवस जाळलंत. दिवसाला गोणी जाते. मग टाकीत खडखडाट हवा." त्याने मूठभर कांड्या काढून खिडकीपाशी धरल्या. "आणि ही लाल आहे. ती तर काल जळली म्हणता ना?"

तो टाकीकडे बघत बोटं मोजायला लागला.

"टाकी आधी रिकामी केली नव्हतीत ना? देर्विश जाळून जाळून तळ दिसेपर्यंत थांबायचा, मगच पुढची ओतायचा. खालचं मळसूत्र तळातलं आधी ओढतं. म्हणजे लाल अजून इथेच आहे. काल जळली ती हिरवी. आणि परवा, हिरवी समजून जिचं तुम्ही कौतुक लिहिलंत, ते अस्वल!" त्याने मांडीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? पंच्याऐंशी ग्रॅम. अस्वल ते अस्वलच. मग मंगळवारी जे जळलं ते टाकीत आधीपासून..."

तो तिथेच थांबला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली.

मंगळवारी काय जळलं ते मला कळलं होतं.

एप्रिलमध्ये अवेळी बर्फ पडलं त्या सकाळी मी पलंगावरूनच म्हणाले होते, "माझे पाय गार पडलेत." देर्विश म्हणाला, "तुझे पाय जुलैतसुद्धा गार असतात." पण उठला. तळघरातून अख्खी गोणी आणली, टाकीत ओतली, शेगडी मोठी केली आणि फाटकापुढचं बर्फ ओढायला गेला. फावडं हातात असतानाच तो पडला. मग घरात माणसं आली, कोणीतरी शेगडी बंद केली आणि ती तशीच राहिली. गोणी सगळा उन्हाळा ओल धरत टाकीत पडून राहिली.

माझे पाय गार पडले म्हणून त्याने ओतलेली गोणी. ती पुरा एक दिवस माझ्यासमोर जळली. मी खुर्चीत बसून बघत होते आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. त्यावर मी लिहिलं: ऊब नाही, घेऊ नये.

"वहिनी, वही द्या इकडे," झियाद हळूच म्हणाला. "ते पान मी नीट करतो."

"राहू दे."

"अहो, पण आकडे चुकलेत."

"चुकलेत ते मला कळलंय. तू जा, झुमराला सांग, ट्रकवाल्याला सांग. अस्वल घ्या म्हणावं. रसेमाने घोळ घातला म्हणावं."

"घोळ घातला असं कोण म्हणेल?"

"झुमरा म्हणेल. जा आता."

तो गेला. मी पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीतलं "अस्वल" खोडून वर "देर्विश" लिहिलं. पुढचं वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग आहे तशीच, सपाता न घालता, फाटकापर्यंत गेले. पिंप बुधवारीच रिकामं झालं होतं, हे मला माहीत होतं. तरी झाकण उचलून आत पाहिलं. तळाशी कोपऱ्यात पांढुरकं काहीतरी चिकटलं होतं, राख असेल किंवा नसेल. पिंपाची कड धरून मी रडले. समोरच्या खिडकीतून कोणी पाहत होतं का, ते बघितलं नाही.

घरात आले तेव्हा माझे पाय गार पडले होते. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.