बाराची रेघ

मी बोलतोय तो आखातातल्या रिफा शहरातल्या एका व्हिलाच्या हॉलमधून, भिंतीत चिणलेला. मी दगड आहे. माझ्या छातीत एक भोक आहे आणि त्याच्यापासून खाली पसरलेल्या रेघा. भोकात काटकी खोवली की तिची सावली रेघांवरून सरकते आणि वेळ कळते. फक्त ऊन हवं.

सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यात, चर्चच्या दक्षिण भिंतीत, दाराशेजारी मला बसवलं. पाद्रीबाबांनी सुरीच्या टोकाने रेघा ओढल्या. प्रार्थनेची रेघ जरा खोल. सावली तिथे आली की ते घंटा वाजवत आणि शेतातली माणसं नांगर सोडून येत. पुढे कुणी हौसेने दारापुढे पडवी बांधली आणि माझं ऊनच गेलं. तीनशे वर्षं लोकांनी माझ्यावर काठ्या नि ओल्या छत्र्या टेकवल्या. मनोऱ्यावर घड्याळ आलं, गाव ओस पडलं, छप्पर कोसळलं आणि माझा लिलाव झाला.

मला घेतलं खदिजाबाईंनी. गेल्या ऑगस्टात पेटी उघडली ती त्यांच्या अर्धवट बांधलेल्या व्हिलाच्या अंगणात. देवरुखकडच्या शंभू गवंड्याने मला कुंपणाला टेकवलं, तोंड नेमकं दक्षिणेला! इतक्या वर्षांनी अंगावर ऊन पडलं.

साइटवर पाच जण होते. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम बंद, असा इथला कायदा. पण मुकादम नुमान सकाळीच सगळ्यांचे मोबाइल डब्यात घालून कुलूप लावायचा. मशीनच्या आवाजात बांगही ऐकू येत नसे. कुंपण दोन पुरुष उंच, फाटकाला आतून कडी. बारा कधी वाजायचे ते नुमान ठरवायचा.

एका दुपारी फरशी बसवणारा सागर बसल्या जागी कलंडला. शंभूने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, तळपाय चोळले. डोळे उघडल्यावर सागरने विचारलं, "शंभूदा, बारा वाजले नाय अजून?"

शंभूने वर सूर्याकडे पाहिलं, मग माझ्या भोकाकडे नि रेघांकडे.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर घेऊन प्रशांत आला. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. शंभूने माझ्या भोकात खिळा खोवला नि हळूच म्हणाला, "बरोब्बर बारा झाले की सांग." प्रशांतने सांगताच त्याने सावलीवर छिन्नीने रेघ ओढली, पाद्रीबाबांच्या मधल्या रेघेच्या किंचित उजवीकडे.

तीन दिवसांनी खदिजाबाई काम बघायला आल्या. सावली नव्या रेघेवर टेकली आणि शंभूने थापी खाली ठेवली.

"उस्ताद, बारा बज गये."

"किसने बोला? अभी आधा घंटा है. यल्ला, काम करो!"

सगळ्यांचे हात थांबले. नुमानने कंपनीत नुसती तक्रार केली असती तरी शंभूचा व्हिसा गेला असता. तरी त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मॅडम, आप देखो."

खदिजाबाईंनी मला पाहिलं, मग आपला मोबाइल. बारा वाजून दोन मिनिटं. त्यांची नजर सागरच्या फुटलेल्या ओठांवर गेली.

"नुमान, सबका फोन वापस करो. खलास!"

त्या दिवसापासून काम बाराला थांबू लागलं.

मला हॉलमध्ये लावायचं हे मात्र आधीच ठरलेलं होतं. शंभूने विनवून पाहिलं, "मॅडम, इसको बाहर लगाऊँ? दक्षिण की दीवार पे?"

"धूप में खराब हो जायेगा, शंभू."

मग त्यानेच मला भिंतीत बसवलं, कडेने गिलावा केला. शेवटी तळवा माझ्यावर ठेवून पुटपुटला, "तू आमाला सोडवलंस, नि मी तुला कोंडला. माफ कर बाबा."

आता चारी बाजूंनी दिवे आहेत, एसीची घरघर आहे, पण एकही सावली हलत नाही. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. शंभू मआमीरकडच्या साइटवर गेला म्हणे. तिथे बारा कोण ठरवतं, मला ठाऊक नाही.

माझ्याच्याने आता काही होणार नाही. तुमच्या हातात मात्र घड्याळ आहे. उन्हात राबणाऱ्या माणसाजवळून कधी जाल, तर क्षणभर थांबा आणि किती वाजले ते त्याला सांगा.