उजव्या बाजूचा कापूस

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी मादाम सोर्ब्येंचं डाव्या बाजूचं माप उजवीपेक्षा अठरा मिलिमीटर जास्त भरलं. टेप कुठे दुमडली असेल म्हणून मी पुन्हा मोजलं. पुन्हा अठराच.

हे माप छातीच्या मध्यापासून काखेखालच्या शिवणीपर्यंत घेतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. तीनचार मिलिमीटरचा फरक सगळ्यांनाच असतो, आणि तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. मादाम सोर्ब्येंचा जानेवारीत तीन होता. फेब्रुवारीत सात झाला, मार्चमध्ये बारा. चरबी चढली तर ती दोन्हीकडे चढते. आणि मध्यंतरी त्यांची कंबर उलट एका बोटाने कमी झाली होती.

त्या ट्रायलला मी टाचण्या देत होते आणि मापं घेऊन वहीत लिहीत होते. आमच्या शिवणघरात बत्तीस जणी. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते आमच्या मुख्य कारागीर मादाम तेसिए यांनी. टाचण्या देणारीने गुडघ्यावर बसायचं आणि हात वर करायचा, एवढंच. पण टाचणी देताना बोट अंगाला लागतंच. त्या दिवशी माझ्या बोटाला डाव्या काखेखाली काहीतरी कडक लागलं. बोट दाबलं तरी ते सरकलं नाही.

"टाचणी टोचली का, मादाम?" मादाम तेसिएंनी विचारलं.

"छे, काहीच जाणवलं नाही," आरशात पाहत मादाम सोर्ब्ये म्हणाल्या. "किती सुंदर बसलाय हो. तुमच्याकडे आले की मी दहा वर्षांनी लहान होते."

गाऊन पांढऱ्या सॅटिनचा, खांदे उघडे. अशा गाऊनला वर धरून ठेवायला काहीच नसतं. त्याचं सगळं वजन आतून कमरेला आवळलेल्या फितीवर, आणि चोळीत चौदा पोलादी पट्ट्या उभ्या शिवलेल्या. वरची कड छातीला चिकटून सरळ रेषेत राहायला हवी. एक बाजू भरलेली असेल तर ती रेष तिरकी होते, म्हणून दुसऱ्या बाजूला आतून कापसाचा थर द्यायचा. यात लपवाछपवी कोणाला वाटत नाही, हेच तर आमचं काम. मादाम सोर्ब्येंच्या जानेवारीच्या काळ्या मखमली गाऊनमध्ये कापूस नव्हता. फेब्रुवारीच्या राखाडी गाऊनमध्ये एक थर घातला, मार्चमध्ये तोच गाऊन पुन्हा आला तेव्हा दुसरा. प्रत्येक महिन्याला आम्ही त्यांच्या उजव्या बाजूला त्यांची डावी बाजू बांधून देत होतो.

ट्रायल संपल्यावर मी मादाम तेसिएंना इस्त्रीच्या टेबलापाशी गाठलं.

"मादाम, ती डावी बाजू वाढतेय."

"डोळे आहेत मला. उजवीकडे चार थर घाल."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात त्या ब्वेनोस आयरेसला असतील. शुक्रवारी निघतायत, नवऱ्याबरोबर. आठ महिने येत नाहीत."

"मग तर कोणीतरी सांगायलाच हवं."

"काय सांगायचं गं? मादाम, तुमचं डावं उजव्यासारखं राहिलं नाही? हेच ऐकायला लागू नये म्हणून बायका इथे येतात." त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि आवाज उतरवला. "अडतीस साली आमच्यातल्या ओर्तांसने एका बाईला सांगितलं, तुमची पाठ वाकत चाललीय. दुसऱ्या दिवशी बाई दुसऱ्या शिवणघरात आणि ओर्तांस तिच्या गावाला."

"आणि पाठ?"

"मला काय माहीत? गिऱ्हाईकच गेलं ना."

मी जागेवर येऊन बसले. शेजारच्या स्टुलावर जिझेल मणी ओवत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला सगळं ऐकू येतं.

"त्यांच्या नवऱ्याची जहाजं आहेत, आर्लेत. एखादा डॉक्टर नसेल का ओळखीचा?"

"डॉक्टरकडे जायला आधी दिसायला हवं. ते दिसू नये म्हणून आपण बत्तीस जणी राबतोय."

"एकतीस. मला धरू नकोस, मी मणी ओवते." मग ती हळूच म्हणाली, "गप्प बस, बाई. तुला हातांचा पगार मिळतो, तोंडाचा नाही."

चिठ्ठी पाठवायची म्हटलं तर त्यांची पत्रं सेक्रेटरी उघडते, हे मला माहीत होतं. फोन केला तरी तीच घेते. शेवटची ट्रायल गुरुवारी तीनला होती आणि शुक्रवारी सकाळी हाव्र बंदराची गाडी. बुधवारी मी दिवसभर नीट शिवूच शकले नाही. एक कड दोनदा उसवली. सारखं वाटत होतं की हे मी शिवते आहे, माझ्या हातांनी, आणि जितकं चांगलं शिवीन तितकं वाईट.

गुरुवारी बाराला सगळ्या डबे घेऊन खाली जेवायला गेल्या. मी डोकं दुखतंय म्हणून वर राहिले आणि गाऊन टेबलावर उलटा केला.

सॅटिनला हात लावता येत नव्हता. सॅटिनला सुईचं भोक पडलं की ते कायमचं. उसवलं तर भोकांची रांग तशीच दिसते. पण अस्तर हाताने शिवलेलं होतं. उजव्या काखेखाली मी चाळीस टाके उसवले. अस्तराखाली जाळीचे दोन थर, आणि त्यांच्यामध्ये मी मंगळवारी घातलेला कापूस. चारही थर काढले आणि दाबले तर मुठीत मावले. एवढासा कापूस! तो मी एप्रनच्या खिशात टाकला आणि अस्तर परत शिवलं. पंचवीस मिनिटं लागली. जिना चढणाऱ्या पावलांचा आवाज आला तेव्हा मी दोरा तोडत होते.

माझा हिशोब सरळ होता. कापूस नसला की गाऊन तिरका दिसेल. गाऊन तिरका दिसला की त्या विचारतील. मग सांगता येईल.

तीनला मादाम सोर्ब्ये आल्या. आम्ही त्यांना गाऊनमध्ये उभं केलं, कमरेची फीत आवळली, पाठीवरचे एकोणीस हुक लावले. त्या तीन बाजूंच्या आरशासमोर वळल्या. मी गुडघ्यावर बसून वर पाहिलं.

मी उलटा विचार केला होता. डावी बाजू त्यांच्या आत्ताच्या मापाची होती, ती गच्च आणि सुंदर बसली होती. कापूस गेल्यामुळे रिकामी पडली होती ती उजवी. कड सुटली होती, खाली दोन चुण्या पडल्या होत्या. आरशात जी बाजू बिघडलेली दिसत होती ती निरोगी बाजू होती.

"हे उजवीकडे काय झालंय?" मादाम सोर्ब्येंनी विचारलं.

मादाम तेसिएंनी चुणीला बोट लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळायला क्षणही लागला नाही.

"आतलं अस्तर सरकलंय, मादाम. पाच मिनिटांचं काम आहे." आणि माझ्यापुढे हात पसरून, "आर्लेत, कापूस."

कापूस खिशातच होता. दिला असता तर पाच मिनिटांत उजवी बाजू भरली असती, आणि दुसऱ्या दिवशी गाडी.

"उजवी बाजू बरोबर आहे, मादाम," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "जानेवारीत होती तशीच आहे ती. वाढलीय ती डावी."

"आर्लेत!"

मी उठले आणि मादाम सोर्ब्येंचा उजवा हात धरला. गिऱ्हाइकाचा हात आम्ही कधी धरत नाही. तो मी त्यांच्या डाव्या काखेखाली नेला, गाऊनच्या कडेपाशी.

त्यांनी हात ओढून घेतला नाही. त्यांची बोटं थेट त्या जागेवर गेली. चाचपडली नाहीत, शोधलं नाही. रोज त्याच दाराच्या कडीला हात घालणाऱ्या माणसासारखी गेली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.



"फेब्रुवारीपासून," त्या आरशाला म्हणाल्या. "आंघोळ करताना लागलं. घरच्या आरशात रोज दिसायचं. इथल्या आरशात नाही. इथे आले की मी म्हणायचे, हे बघ, सगळं सरळ आहे, तुला भास होतोय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मला गाऊन नको होते गं. मला ही खोली हवी होती."

मादाम तेसिए टाचण्यांच्या डबीकडे पाहत होत्या. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल," त्या पुटपुटल्या.

"वाटत होतं ना."

आणि मग मादाम सोर्ब्ये एकदम माझ्यावर उसळल्या. "घाल तो कापूस परत. तुला कोणी सांगितलं काढायला? घाल म्हणते ना!"

"नाही, मादाम."

"उद्यापर्यंतच. मला एकदाच तसं बघू दे, मग मी जाते, देवाशपथ जाते डॉक्टरकडे. तिकडेही डॉक्टर आहेत." त्या माझ्या एप्रनच्या खिशाकडे आल्या, खिसा धरून ओढू लागल्या, आणि मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला. एवढी मोठी बाई, उघड्या खांद्यांची, आणि आम्ही दोघी मूठभर कापसासाठी झटत होतो. खिशाची शिवण सुटली. तरी मी सोडलं नाही. तेव्हा त्या थांबल्या आणि गालिच्यावर बसल्या, सॅटिनसकट. बसल्यावर सॅटिनला पडलेली घडी जात नाही. मादाम तेसिए सवयीने घेर उचलायला वाकल्या, मग तशाच सरळ झाल्या.

"किती वाढलंय?" मादाम सोर्ब्येंनी खालूनच विचारलं.

"अठरा मिलिमीटर."

"मार्चमध्ये?"

"बारा. फेब्रुवारीत सात. जानेवारीत तीन होते, पण तेवढे सगळ्यांनाच असतात."

त्यांचे ओठ हलले. आधी चार, मग पाच, मग सहा. हे गणित कोणालाही येतं.

"आर्लेत," मादाम तेसिए म्हणाल्या, "तुझी कात्री आणि अंगुस्तान उचल. उद्यापासून तू इथे नाहीस."

"बरं झालं," मादाम सोर्ब्ये म्हणाल्या. "म्हणजे ही आत्ताच मोकळी आहे. मला यातून बाहेर काढा आणि तू तुझा कोट आण. डॉक्टरांना आकडे तू सांगायचेस. मी सांगायला गेले तर कमी करून सांगेन."

आम्ही दोघींनी मिळून एकोणीस हुक काढले. खालचे सात मादाम तेसिएंनीच सोडवले. मापांची वही शिवणघराबाहेर जात नाही, तो नियम आहे. मी कोट घालून जिन्यापाशी आले तेव्हा मादाम तेसिएंनी वहीचं ते पान फाडून, चार घड्या करून माझ्या हातात कोंबलं. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

डॉक्टर म्हातारे होते, सोर्ब्ये घराण्याचे जुने. खोलीत ईथरचा वास आणि कोळशाची शेगडी. मादाम सोर्ब्ये खुर्चीत ताठ बसल्या, हातमोजे मांडीवर ठेवले आणि अगदी हसतमुखाने सांगू लागल्या.

"काही विशेष नाही हो. उद्या निघायचंय, म्हटलं जाता जाता दाखवावं. पंधरा दिवस झाले असतील. एवढंसं आहे, मसुरीच्या दाण्याएवढं."

"पंधरा दिवस," डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मी थांबले. त्या आपणहून दुरुस्त करतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही; हातमोज्यांची बोटं एकावर एक लावत राहिल्या. मी घडी उलगडली आणि पान डॉक्टरांच्या कागदावर ठेवलं.

"जानेवारीपासून," मी म्हणाले. "चार मापं आहेत. एकाच माणसाने, एकाच टेपने घेतलेली."

डॉक्टरांनी चष्मा बदलला. वरून खाली वाचलं, मग खालून वर. "ही कशाची मापं?"

"गाऊनची."

ते उठले, शेगडीवर हात गरम केले आणि मादाम सोर्ब्येंना पडद्यामागे बोलावलं.  मग डॉक्टर एकटेच बाहेर आले, फोन उचलला, इस्पितळाचा नंबर मागितला आणि उद्या सकाळी आठला एक खाट लागेल म्हणाले. पलीकडून काहीतरी नकार आला असावा. "मग ऑपरेशनच्या टेबलाशेजारी ठेवा," ते म्हणाले. "पण उद्याच."

"उद्या माझं जहाज आहे," पडद्याआडून आवाज आला.

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला.

"आर्लेत, मागचं बटण लागत नाहीये."

मी आत गेले. त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि बटणं सगळी लागलेली होती.