रंगाआधी सोडलेल्या गाठी

जेनबने मुगाची परात पुढ्यात ठेवली तशी हवाबाईने ती पायाने सरकवली.

"मी कापड रंगवणाऱ्या खत्र्याची बायको आहे. मूग तुझ्या आईला निवडायला सांग. तिला तरी कुठे खडा दिसतो म्हणा!"

जेनबची आई म्हणजे हवाबाईची भावजय. स्वतःच्या मुलाचं नाव अधूनमधून विसरणारी हवाबाई भावजयीला टोमणा मारायला मात्र कधी विसरली नव्हती. जेनब तिची सख्खी भाची. लग्नाआधी फुई, म्हणजे आत्या, म्हणायची, सून झाल्यावरही फुईच म्हणत राहिली. बांधणीची पहिली गाठ तिला फुईनेच शिकवली, चाळीस वर्षांपूर्वी, आणि पहिली चापटही त्याच दिवशी दिली.

भुजचे डॉक्टर म्हणाले होते की गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं टिकवायचं असेल तर हाताला ओळखीचं काम द्या, घरातलं, रोजचं. जेनबने कपड्यांच्या घड्या देऊन पाहिल्या, लसूण देऊन पाहिला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मूगही परत गेले तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. आयुष्यभर जिने ठिपके बांधले तिच्यापुढे आपण लसूण काय टाकतोय!

दुसऱ्या दिवशी तिने हवाबाईच्या मांडीवर छापलेली मलमल ठेवली. त्यांच्या घरात पुरुष रंगवायचे आणि बायका बांधायच्या. कापडावर गेरूचे ठिपके असतात. एकेक ठिपका करंगळीच्या वाढवलेल्या नखावर उचलायचा, दोरा गुंडाळून आवळायचा, की पुढचा. रंगात बुडवलं की बांधलेली जागा तेवढी कोरी राहते. हवाबाईने मलमल पाहिली, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि नखावर ठिपका उचलला. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पण गाठी काही सैल पडायच्या, काही ठिपके सुटायचे. असलं कापड गिऱ्हाईक घेत नाही आणि रोज नवी मलमल कुठून आणणार? म्हणून जेनबने एक युक्ती काढली. दुपारी फुई आडवी झाली की ती कापड दोन्हीकडून ताणायची. तडतड करत सगळ्या गाठी सुटायच्या. मग ते धुवायचं, इस्त्री फिरवायची, पुन्हा ठिपके छापायचे आणि सकाळी नवं म्हणून पुढे करायचं. आठवडाभरात फुईला नातीचं, नूरबानूचं, नाव पुन्हा आठवू लागलं. चहा पांचट झाला म्हणून तिने भांडण काढलं. जेनबने त्या दिवशी आनंदाने दुसरा चहा केला.

सतराव्या दिवशी हवाबाईने कापड गालाला लावलं.

"हे बांधलेलं आहे."

"नवं आहे, फुई. कालच आणलं."

"गाठ बसलेली जागा माझ्या बोटांना कळते. रंगाच्या आधी कुणी सोडली?"

जेनबच्या तोंडाचा रंगच बोलायचं ते बोलून गेला.

"तू! मी बांधायचं आणि तू सोडायचं? भरल्या ताटावरून उठवतेस होय ग मला?"

हवाबाईने मलमल भिरकावून दिली. तास-दोन तासांत काय झालं ते ती विसरली. पण राग काही विसरली नाही. जेनबच्या हातून ती दोरा घेईना, मग पाणीही घेईना. भिंतीकडे तोंड करून बसायची, माहेरी सोडा म्हणायची आणि रिकामी बोटं चोळत राहायची. नूरबानूला तिने पुन्हा "तू कुणाची ग?" असं विचारलं. बरं करायला गेलेल्या जेनबने हाताने बिघडवलं होतं, आणि हे तिला दिवसातून दहा वेळा जाणवायचं.

"डॉक्टरला काय जातंय सांगायला!" अलीमामद, तिचा नवरा, म्हणाला. "लोक म्हणतात, म्हातारीला राबवतात. बसू दे तिला सुखाने."

"हे सुख दिसतंय तुम्हाला?"

नूरबानूचा निकाह दीड महिन्यावर आला होता. तिची चंद्रोखणी, म्हणजे मधोमध मोठा चंद्र असलेली नवरीची रेशमी ओढणी, छापून तयार होती. जेनब ती बांधायला फुईच्या शेजारीच बसली. चार ठिपके बांधले आणि तिला राहवेना.

"फुई, मी तुझ्या गाठी सोडत होते. रोज. तुला फसवलं मी."

"कुठल्या गाठी?" हवाबाई तिच्याकडे वळली. "रडतेस कशाला? अलीने हात उचलला? मला सांग, तंगडं मोडते त्याचं."

जेनबला रडता रडता हसू आलं. डोळे पुसत तिने पाचवा ठिपका बांधला. हवाबाई वाकून बघत होती.

"ही गाठ आहे? रंग आत शिरून आंघोळ करून बाहेर येईल. आण इकडे."

आणि तिने ओढणी ओढून घेतली. रेशमाची ओढणी आणि तीही लग्नाची. चार गावांच्या बायका डोळ्यांत तेल घालून बघणार. तरी जेनबने हात पुढे केला नाही.

पंधरा दिवस दोघी समोरासमोर बसून बांधत होत्या. जेनबने पदर बांधले, हवाबाईने चंद्र. भाताची शितं वेचावीत तशी तिची बोटं चालायची. नूरबानूला जवळ बसवून ती सांगायची, "तुझ्या दादाजीने, माझ्या नवऱ्याने, लग्नात मला काळ्या काठाची दिली होती. मला लालच हवी होती. वर्षभर बोलले नाही त्याच्याशी."

पिवळ्या रंगाचं पातेलं तयार झालं आणि अलीमामदने ओढणी उजेडात धरली.

"जेनब, चंद्राचं आतलं कडं बांधून टाकलंय आईने. ते पिवळं यायला हवं. ते पिवळ्या रंगानंतर बांधायचं, आधी नाही. आता पांढरंच राहील."

"दिसलं मला."

"मग सोड ना! एक कडं तर आहे. आई झोपली आहे, तिला काय कळणार?"

जेनबने ओढणी हातात घेतली. कड्याच्या दोऱ्याचं टोक बोटांत आलंसुद्धा. एक हिसका, आणि चंद्र नीट झाला असता. नूरबानूच्या सासरी बोलायला जागा उरली नसती.

"नाही," ती म्हणाली. "एकदा सोडलं, पुरे झालं."

"लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही रंग चढवा."

अलीमामद पुटपुटत राहिला, पण ओढणी त्याने पातेल्यात सोडली. पिवळ्यानंतर दुसऱ्या गाठी, मग लाल, शेवटी काठाचा काळा. ओढणी वाळली तेव्हा ती सुरकुतून मुठीएवढी झाली होती. एक टोक नूरबानूने धरलं, एक हवाबाईने.

"ओढ! ताकद नाही? सासरी काय करशील?"

दोघींनी ताणली. हजारो गाठी तडतडत सुटल्या, दोऱ्यांचे तुकडे अंगणभर उडाले आणि लाल रेशमावर ठिपके उमटले. हवाबाई टाळ्या पिटत हसली. मग तिने चंद्र जवळ ओढला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"इथे पिवळं हवं होतं. कडं पहिल्याच फेरीत कुणी बांधलं?"

अलीमामद खाली बघू लागला. नूरबानूने तोंड उघडलं, "दादीमा, ते तर..."

"मी बांधलं, फुई," जेनब म्हणाली.

"तू! चाळीस वर्षं शिकवते आहे तुला! हात आहेत की खराटे? पोरीच्या लग्नात असलं काम करतात?" हवाबाईने तिच्या हातावर चापट मारली, चांगली सणसणीत. जेनब उभी राहून ऐकत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

ते पाहिलं आणि म्हातारी नरमली. दारात कुणी नाही हे तिने बघून घेतलं आणि जेनबला जवळ ओढून ती तिच्या कानाशी लागली.

"घाबरू नकोस. पोरीच्या सासरच्या बायकांनी विचारलं तर सांग, फुईने बांधलं. माझं डोकं आता ठिकाणावर नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला कोण बोलणार?"

"सांगते," जेनब म्हणाली.