जोडाच्या खाली

ती लग्न होऊन या घरात आली त्याच वर्षी नवऱ्याने हौसेने नाशपातीची रोपं लावली होती. पहिल्यांदाच, एकट्याने. कलमाचा जोड मातीच्या वर राहायला हवा, तो त्याच्याकडून गाडला गेला. सासऱ्यांनी दोन शब्द सांगितले असते तरी भागलं असतं. पण त्यांनी गड्यांना हाक मारली, नव्या सुनेलाही बाहेर बोलावलं, आणि एकेक रोप उपटून मुलाच्या पायांवर फेकलं.

"हात आहेत का खुरं?"

गडी खो खो हसले. तेव्हापासून बागेत तो 'खुऱ्या' झाला. मुलीचा बाप झाला, केस पिकायला लागले, तरी खुऱ्याच. सासऱ्यांनी छाटणीची कात्री काही त्याच्या हाती दिली नाही.

मग एका सकाळी सासरे पलंगावरून उठलेच नाहीत. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखेच राहिले, माणसाला जागच्या जागी सोलणारे. आजारी पडायच्या आधी त्यांनी नवी रांग लावली होती. दोरी धरून, प्रत्येक जोड वीतभर वर ठेवून.

छाटणीचे दिवस आले तेव्हा नवऱ्याने स्वतः वडिलांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, गळ्याला मफलर गुंडाळला. "बाबांना बाहेर नेतो. त्यांच्यासमोर छाटणी करतो," म्हणाला. तिला बरं वाटलं. चला, बाप-लेकांचं एकदाचं जमतंय.

ती चहा घेऊन गेली तेव्हा नव्या रांगेतलं पहिलं झाड कापून झालं होतं. कोवळ्या झाडाचा नुसता शेंडा उडवायचा असतो, कमरेच्या उंचीवर. इथे मातीतून बोटभर खुंट वर दिसत होता.

"अहो, जोडाच्या खाली कापलंत!"

"माहीत आहे."

तो दुसऱ्या झाडापाशी वाकला. जोडाच्या वर नाशपाती, खाली रानटी खुंट. असं कापलं की झाड मरत नाही. जोमाने फुटतं, पण रानटीच, आणि फळ धरतं ते दगडासारखं, तुरट. कात्री मिटली. झाड आडवं झालं. त्याने ते उचलून वडिलांच्या मांडीवर ठेवलं, शाल नीट करावी तसं.

"जमतंय ना, बाबा? चुकत असेल तर सांगा हं."

सासऱ्यांच्या घशातून घरघर आली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत राहिला. नवरा थांबला, कान पुढे केला, मान हलवली. "काही म्हणत नाहीत. म्हणजे बरोबर असणार." आणि तिसऱ्या झाडाकडे वळला.

तिला बघवेना. "पुरे झालं. माणूस आहेत ते," म्हणत तिने मांडीवरच्या काड्या झटकल्या आणि खुर्ची ढकलत घरात आणली. नवऱ्याने अडवलं नाही.

आत तिने सासऱ्यांचे डोळे पुसले, नाक पुसलं. कोमट दूध चमच्याने तोंडात घातलं. "मी बोलते ह्यांच्याशी. उरलेली झाडं वाचतील, बाबा," ती म्हणाली. आणि खरंच बोलणार होती.

म्हाताऱ्याचं तोंड वाकडंतिकडं झालं. ओठ थरथरले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आतून शब्द वर येत होता. ती आनंदाने पुढे झुकली.

"तू," ते म्हणाले. "तूच... शिकवलंस."

आणि तोंडातलं दूध तिच्या चेहऱ्यावर थुंकले.

तिने पदराने चेहरा पुसला. बाहेर कात्रीचा आवाज चालूच होता. तिने त्यांचा मफलर पुन्हा घट्ट केला, चाकाची खीळ काढली आणि खुर्ची वळवली. दाराशी आल्यावर सासऱ्यांनी चौकट डाव्या हाताने गच्च धरली. तिने एकेक बोट सोडवलं.

रांगेच्या अगदी जवळ तिने खुर्ची उभी केली.

"इथून नीट दिसतंय का, बाबा?" तिने विचारलं, आणि खीळ लावली.